विश्लेषण : ‘डिफॉल्ट’ की ‘एक्स्टेंडेड’? जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकताना कोणता पर्याय निवडावा?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अद्यतनांसाठी एक वर्षाची वाढीव मुदत मिळाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि मान्यताप्राप्त प्रोसेसरही लागतो. इंटेलच्या बाबतीत हा साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्यामुळे कळफलक, पडदा, बॅटरी सगळे ठीक असूनही असंख्य लॅपटॉप अधिकृतरीत्या पुढे जाऊ शकत नाहीत. ते भंगारात द्यायचे नसतील, तर लिनक्स हा एक मोफत मार्ग आहे आणि त्यातही सर्वांत परिचित नाव उबुंटूचे. पण उबुंटू टाकताना एका टप्प्यावर प्रश्न येतो : कमीत कमी सॉफ्टवेअर हवे की भरपूर? बहुतेक जण अंदाजाने टिचकी मारून पुढे जातात. या निवडीचे परिणाम काय, हे समजून घेऊ या.

पडद्यावर नेमके काय विचारले जाते?

उबुंटू २४.०४ ही एप्रिल २०२४ मध्ये आलेली, पाच वर्षांच्या मोफत सपोर्टची आवृत्ती आहे. तिच्या इन्स्टॉलरमध्ये भाषा, कळफलक आणि वायफाय निवडून झाल्यावर दोन पर्याय दिसतात. पहिला ‘डिफॉल्ट सिलेक्शन’ : ब्राउझर आणि काही मूलभूत साधने. दुसरा ‘एक्स्टेंडेड सिलेक्शन’ : त्यासोबत ऑफिसची साधने आणि इतर उपयोगी अॅप. नावे वेगळी असली, तरी मामला जुनाच आहे. पहिला मिनिमल, दुसरा फुल.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, डेस्कटॉपचे रूप, सेटिंग्ज, सुरक्षा अद्यतने मिळण्याची व्यवस्था या गोष्टी दोन्हींत एकसारख्या असतात. ‘मिनिमल घेतले तर वायफाय चालणार नाही’ ही भीती म्हणूनच निराधार आहे. वायफाय आणि ग्राफिक्ससाठीच्या बाहेरच्या कंपन्यांच्या ड्रायव्हरचा चौकोन पुढच्या पडद्यावर स्वतंत्रपणे येतो. ऑडिओ-व्हिडिओच्या जादा फॉरमॅटसाठीही वेगळा चौकोन असतो. जुन्या लॅपटॉपवर हे दोन चौकोन मिनिमल-फुलच्या निवडीपेक्षा जास्त महत्त्वाचे ठरतात. इंटरनेट जोडलेले असेल तर दोन्हींवर खूण करावी.

डिफॉल्टमध्ये काय नसते?

डिफॉल्ट निवडल्यावर फायरफॉक्स ब्राउझर, फाइल पाहण्याचे साधन, टेक्स्ट एडिटर, कॅल्क्युलेटर, फोटो आणि पीडीएफ उघडण्याची साधने, टर्मिनल आणि नवी अॅप घेण्यासाठीचे अॅप सेंटर एवढे मिळते. ज्याचे सगळे काम ब्राउझरमध्ये चालते, त्याला हे पुरेसे आहे.

यात लिबरऑफिस नसते. म्हणजे वर्डची फाइल, एक्सेलचा तक्ता किंवा पॉवरपॉइंट उघडायला काहीच नाही. थंडरबर्ड हे ईमेलचे अॅप, गाण्यांसाठीचे ऱ्हिदमबॉक्स, फोटो लावून ठेवण्याचे शॉटवेल, स्कॅनरचे अॅप, बॅकअपचे साधन आणि व्हिडिओ प्लेअर हेही एक्स्टेंडेडमध्येच येतात. नवीन वापरकर्त्याला सर्वांत मोठा धक्का व्हिडिओ प्लेअरचा बसतो. लॅपटॉप नीट सुरू होतो, पेनड्राइव्ह दिसतो, पण त्यातली चित्रफीत उघडत नाही. मग ‘लिनक्स बेकार आहे’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात ते अॅप तिथे टाकलेलेच नसते.

मिनिमल हाच डिफॉल्ट केव्हापासून?

उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत ‘मिनिमल’चा पर्याय पहिल्यांदा आला तो एप्रिल २०१८ च्या १८.०४ मध्ये. तेव्हा ‘नॉर्मल’ हा मुख्य पर्याय होता आणि मिनिमल हा दुय्यम. त्याची कार्यपद्धतीही गमतीची होती : इन्स्टॉलर आधी सगळे टाकत असे आणि शेवटी सुमारे ८० पॅकेजेस काढून टाकत असे. त्यामुळे मिनिमल निवडून इन्स्टॉल करण्याचा वेळ काही वाचत नव्हता.

ऑक्टोबर २०२३ च्या २३.१० मध्ये पारडे फिरले. मिनिमल हाच मूळ पर्याय झाला आणि भरपूर सॉफ्टवेअर हवे असेल तर ते मुद्दाम निवडावे लागू लागले. जुने व्हिडिओ किंवा जुने लेख पाहून उबुंटू टाकणाऱ्यांची गल्लत इथेच होते. ‘काही बदलू नका, पुढे-पुढे जा’ हा २०२० मधला सल्ला तेव्हा ऑफिससह सगळे देत होता. आज तोच सल्ला पाळला, तर हाती मिनिमल पडते.

जागा किती वाचते?

उबुंटू २४.०४ डेस्कटॉपसाठी किमान २५ जीबी डिस्क आणि ४ जीबी रॅम हवी, असे उबुंटूच सांगते. एक्स्टेंडेडमधला सर्वांत जड घटक म्हणजे लिबरऑफिस. विंडोजवर त्यासाठी कमाल दीड जीबी जागा धरावी, असे लिबरऑफिसच्या अधिकृत माहितीत म्हटले आहे. यावरून अंदाज येतो की दोन पर्यायांतला फरक एखाद-दोन जीबीच्या आसपासचा आहे.

५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर किंवा २५६ जीबीच्या एसएसडीवर ही बचत जाणवणारच नाही. स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये मात्र ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी साठवण असते आणि ती बदलताही येत नाही. अशा यंत्रात सिस्टिम, अद्यतने आणि स्वतःच्या फायली मावायच्या असतील, तर एकेक जीबी मोलाचा ठरतो. तिथे मिनिमल घेऊन हवे तेवढेच टाकणे शहाणपणाचे.

मिनिमल घेतल्याने लॅपटॉप वेगवान होतो का?

हा सर्वांत पसरलेला गैरसमज. डिस्कवर पडून असलेले, न उघडलेले अॅप प्रोसेसर वापरत नाही आणि रॅमही खात नाही. पार्श्वभूमीत चालणारे एखाद-दुसरे छोटे काम सोडले, तर लिबरऑफिस असणे आणि नसणे यामुळे लॅपटॉपच्या गतीत फरक पडत नाही. कपाटात पुस्तके जास्त म्हणून खोलीतला पंखा हळू फिरत नाही, तसेच हे.

गती ठरते ती डेस्कटॉपचा प्रकार, रॅम आणि डिस्क यांवर. उबुंटूचा नोम डेस्कटॉप दोन्ही पर्यायांत तोच असतो आणि ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडले की तो धापा टाकू लागतो. अशा लॅपटॉपसाठी झुबुंटू किंवा लुबुंटू या उबुंटूच्याच अधिकृत, हलक्या बहिणी जास्त उपयोगी पडतात. झुबुंटूमध्ये एक्सएफसीई आणि लुबुंटूमध्ये एलएक्सक्यूटी हे साधे डेस्कटॉप असतात. त्याहून मोठा फरक पडतो तो जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने. हातात थोडे पैसे असतील तर ते तिथे घालावेत. मिनिमलकडून गतीची अपेक्षा ठेवू नये.

मग ‘नेहमी मिनिमलच घ्या’ असे का सांगितले जाते?

कारण हा सल्ला मुळात सर्व्हरच्या जगातून आलेला आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडे एक लॅपटॉप नसतो. एकाच साच्यातून काढलेल्या शेकडो-हजारो प्रती त्याला चालवायच्या असतात. साच्यातले एक अनावश्यक पॅकेज प्रत्येक प्रतीत जाते, प्रत्येक प्रतीत अद्ययावत ठेवावे लागते आणि प्रत्येक प्रतीत हल्ल्याची एक जागा वाढवते. कंटेनरमध्ये वापरली जाणारी अल्पाइन लिनक्सची मूळ प्रतिमा जेमतेम ५ एमबीच्या आसपास असते, ती याच हिशेबामुळे.

मायक्रोसॉफ्टनेही विंडोज सर्व्हर २००८ पासून ‘सर्व्हर कोअर’ हा पर्याय दिला. त्यात नेहमीचा खिडक्यांचा डेस्कटॉपच नसतो. सगळे काम कमांडने किंवा दुसऱ्या संगणकावरून करायचे. विंडोज सर्व्हर २०१६ पासून तर एक कडक अट आहे : इन्स्टॉल करताना कोअर निवडले, की नंतर डेस्कटॉपच्या आवृत्तीत बदलता येत नाही आणि उलटही करता येत नाही. मन बदलले तर पुन्हा इन्स्टॉल करणे आले. तिथे ही निवड खरोखर गंभीर असते. घरच्या उबुंटूवर तशी स्थिती नाही. आज मिनिमल घेतलेला माणूस उद्या एकेक अॅप वाढवू शकतो.

सुरक्षेचा मुद्दा किती खरा?

तत्त्व खरे आहे. टाकलेले प्रत्येक सॉफ्टवेअर म्हणजे एक जादा दार आणि त्याला कुलूप लावत राहण्याचे एक जादा काम. मात्र ती सॉफ्टवेअर कुठून आली, हेही पाहावे लागते. एक्स्टेंडेडमधली अॅप उबुंटूच्याच भांडारातून येतात आणि त्यांची अद्यतने सिस्टिमसोबतच मिळतात. म्हणून घरगुती वापरात हा धोका मर्यादित राहतो.

खरा धोका असतो तो आपण न मागता, दुसऱ्याच्या फायद्यासाठी टाकलेल्या सॉफ्टवेअरचा. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये २०१४ च्या अखेरीस ‘सुपरफिश’ नावाचे जाहिरातींचे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच टाकलेले येत होते. ते स्वतःचे प्रमाणपत्र सिस्टिममध्ये बसवून सुरक्षित संकेतस्थळांचा व्यवहारही मधल्या मध्ये वाचू शकत होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झाले आणि अमेरिकी सरकारी यंत्रणेनेही ते काढून टाकण्याचा सल्ला दिला. जावाच्या विंडोज इन्स्टॉलरसोबत कित्येक वर्षे ‘आस्क टूलबार’ची खूण आधीच केलेली येत असे. घाईत ‘नेक्स्ट’ दाबणाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये तो येऊन बसायचा.

विंडोजवर एखादे मोफत सॉफ्टवेअर टाकताना ‘एक्सप्रेस’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय दिसले, तर ‘कस्टम’ उघडून पाहावे, ते यासाठीच. नव्या अँड्रॉइड फोनच्या सुरुवातीच्या सेटअपमध्ये ‘आणखी अॅप’ सुचवणारा पडदा आला, तर तिथल्या खुणाही एकदा तपासाव्यात.

नंतर टाकणे सोपे की काढणे?

सर्वसाधारण नियम असा की टाकणे सोपे, काढणे किचकट. लिनक्समध्ये पॅकेजेस एकमेकांवर अवलंबून असतात. एक अॅप काढायला गेलो, की त्याच्यासोबत आणखी काही पॅकेजेस काढण्याचा प्रस्ताव येतो. नवखा माणूस न वाचता ‘हो’ म्हणतो आणि कधी कधी डेस्कटॉपचाच भाग गमावून बसतो. टाकताना असा घोळ क्वचितच होतो, कारण लागणारी जोडपॅकेजेस यंत्रणा स्वतःच आणते. हा मुद्दा मिनिमलच्या बाजूचा.

पण या नियमात एक अट दडलेली आहे. ‘नंतर टाकू’ म्हणणाऱ्याकडे नंतर इंटरनेट असले पाहिजे.

इंटरनेटचा हिशेब कसा मांडावा?

उबुंटू २४.०४ ची इन्स्टॉल करण्याची फाइल सुमारे ६ जीबीची आहे. एक्स्टेंडेडमधली अॅप या फाइलमध्येच असतात. म्हणूनच तो पर्याय इंटरनेट नसतानाही वापरता येतो. याचा अर्थ असा की ६ जीबी उतरवताना लिबरऑफिसच्या डेटाचा खर्च तुम्ही आधीच केलेला आहे. मिनिमल निवडल्याने त्यातला एक एमबीही परत मिळत नाही. उलट आठवड्याभराने लिबरऑफिस हवे झाले, तर ते नव्याने उतरवावे लागते.

ब्रॉडबँड असलेल्या घरात याने काही बिघडत नाही. पण लॅपटॉप जाणार असेल वसतिगृहात, गावी किंवा जिथे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक पुरवून वापरावा लागतो अशा ठिकाणी, तर गणित पूर्ण उलटते. प्रकल्पाचा अहवाल उद्या द्यायचा आहे, फाइल वर्डमध्ये आहे, रेंज एकच काडी आहे आणि लॅपटॉपवर ऑफिस नाही, अशी वेळ मिनिमलमुळेच येते. दुसऱ्याला लॅपटॉप तयार करून देणाऱ्या दुकानदाराने, शिक्षकाने किंवा घरातल्या ‘कॉम्प्युटर येणाऱ्या’ भावंडाने हे आवर्जून लक्षात ठेवावे. अडचण येईल तेव्हा तुम्ही तिथे नसाल.

मग कोणी काय निवडावे?

एक्स्टेंडेड घ्यावे : लॅपटॉप विद्यार्थ्यासाठी किंवा ज्येष्ठ नागरिकासाठी असेल, इंटरनेट बेभरवशाचे असेल, वापरणारा लिनक्सला नवखा असेल आणि डिस्क १०० जीबीपेक्षा मोठी असेल तर. दीड-दोन जीबीच्या बदल्यात पहिल्या दिवसापासून सगळे हाताशी असते. न लागलेली अॅप पडून राहिली तरी काही बिघडत नाही.

डिफॉल्ट घ्यावे : डिस्क ३२ किंवा ६४ जीबीची असेल, काम प्रामुख्याने ब्राउझरमध्ये असेल, किंवा कोणती अॅप लागतात हे तुम्हाला नेमके ठाऊक असेल तर. समजा व्हिडिओसाठी व्हीएलसी आणि कार्यालयीन कामासाठी दुसरे एखादे ऑफिस वापरायचे ठरलेलेच आहे. मग त्याच कामाची आणखी दोन अॅप कशाला?

द्विधा असेल तर एक साधी कसोटी आहे. लॅपटॉपवर गेल्या महिन्यात उघडलेल्या अॅपची यादी कागदावर लिहा. तीत ब्राउझरशिवाय तीनपेक्षा जास्त नावे आली, तर एक्स्टेंडेड घ्या.

इतर सॉफ्टवेअरलाही हाच नियम लागू होतो का?

नाही. तिथे आकड्यांचा पल्ला फार मोठा असतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना लागणारे व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ पाहा. मायक्रोसॉफ्टच्या माहितीनुसार त्याला निवडीप्रमाणे ८५० एमबीपासून २१० जीबीपर्यंत जागा लागू शकते. नेहमीच्या वापरात ती २० ते ५० जीबी असते. इथे ‘सगळेच टाकून ठेवू’ म्हणणे म्हणजे डिस्क भरून टाकणे. सी प्लस प्लस शिकायचे असेल तर तेवढाच ‘वर्कलोड’ निवडावा. बाकीचे त्याच इन्स्टॉलरमधून केव्हाही वाढवता येतात.

पायथॉन शिकणाऱ्यांपुढे अॅनाकोंडा आणि मिनीकोंडा असे दोन पर्याय असतात. पहिल्याला सुमारे ५ जीबी जागा धरावी लागते, दुसऱ्याला सुमारे ४०० एमबी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जिथे चाळीस संगणकांवर एकच अभ्यासक्रम चालतो आणि इंटरनेट अडखळते, तिथे अॅनाकोंडा सोयीचे. स्वतःच्या लॅपटॉपवर एक-दोन लायब्ररी वापरणाऱ्याला मिनीकोंडा पुरते. म्हणजे ‘मिनिमल की फुल’ याचे उत्तर प्रत्येक वेळी तीन गोष्टींवर ठरते : फरक किती जीबीचा आहे, नंतर वाढवता येते का आणि तेव्हा इंटरनेट असेल का.

इन्स्टॉल करण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

मिनिमल-फुल चुकले तर दुरुस्त करता येते. त्यानंतर येणारा डिस्कचा पडदा चुकला, तर येत नाही. ‘इरेज डिस्क’ निवडले की विंडोजसह त्या डिस्कवरचे फोटो, कागदपत्रे, हिशेब सगळे जाते. म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यावा आणि तो उघडून पाहावा.

१६ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटूची फाइल बूट करता येईल अशा रीतीने चढवली, की इन्स्टॉल न करताही ते चालवून पाहता येते. या चाचणीत वायफाय, आवाज, कॅमेरा आणि टचपॅड तपासून घ्यावे. प्रिंटर असेल तर तोही जोडून पाहावा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात मराठी इनपुट जोडता येते. त्यात इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही प्रकार मिळतात. इनस्क्रिप्टची सवय असलेल्याला फारसे वेगळे काही जाणवणार नाही. मात्र कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या फायली त्या फॉन्टशिवाय उघडल्या, तर पडद्यावर निरर्थक अक्षरे दिसतात. अशा फायलींवर ज्यांचा रोजगार चालतो ते डीटीपी ऑपरेटर आणि टॅलीसारख्या विंडोजसाठीच बनलेल्या सॉफ्टवेअरवर हिशेब ठेवणारे दुकानदार यांनी कामाचा मुख्य संगणक उबुंटूवर नेऊ नये. त्यांच्यासाठी उबुंटूचा उपयोग घरातल्या दुसऱ्या, पडून असलेल्या लॅपटॉपपुरता आहे.

सगळे तपासून झाले, बॅकअप हाती आला, की मग इन्स्टॉलर सुरू करावा. आणि निवडीच्या पडद्यावर पोहोचल्यावर हा लॅपटॉप उद्यापासून कोण, कुठे वापरणार आहे, एवढेच आठवावे.